घरात वायफाय घेताय? आधी वर्षाचा हिशेब मांडा

नांदेड-लातूरच्या वाचकांसाठी: कनेक्शनचा खरा खर्च आणि नेटसोबत घरात शिरणाऱ्या जाहिरातींचा बंदोबस्त

लातूरचा औसा रोड घ्या नाहीतर नांदेडचे वजिराबाद, खांबाखांबावर एकच मजकूर लटकलेला दिसतो: ‘अनलिमिटेड वायफाय, फक्त ३९९ रुपये.’ आकडा खोटा नसतो, पण तो पुरताही नसतो. त्यावर कर लागतो, बसवण्याचे पैसे लागतात, वीज गेल्यावर राउटर चालू ठेवायची सोय करावी लागते, आणि एवढे करूनही मोबाइलचे रिचार्ज सुटत नाहीत. नेट सुरू झाले की फोनवर, टीव्हीवर आणि मेसेजच्या पेटीत जाहिरातींची रांग लागते. तिचा खर्च बिलात दिसत नाही, पण तो आपल्याच डेटातून, वेळातून आणि कधी कधी थेट बँक खात्यातून जातो. म्हणून दोन्ही खर्च एकाच कागदावर मांडलेले बरे.

मीटर दिसायचे तेव्हा

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. सुरुवात मोठ्या शहरांत झाली, आपल्याकडे ते पोचायला वेळ लागला. घरच्या टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडायचा, तो किरकिरत नंबर फिरवायचा, आणि नेट चालू असेपर्यंत फोन ‘एंगेज’. मोडेम फार तर ५६ केबीपीएसचा. त्या वेगाने १० एमबीची एक फाइल उतरवायला २४ मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ टेलिफोनचे मीटर पळत असे. पानावर एखादी रंगीत जाहिरात उघडायला लागली की ती पैसे खाते आहे हे डोळ्यांना दिसायचे. त्यामुळे बरेच जण ब्राउझरमध्ये चित्रेच बंद करून ठेवत.

२००५ मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले आणि महिन्याच्या बिलाची सवय लागली. मीटर नजरेआड झाले तसा हिशेबही सुटला. तो पुन्हा मांडू.

आधी गरज मोजा

दुकानदार किंवा एजंट ‘शंभर एमबीपीएस घ्याच’ म्हणतो. तुम्हाला खरेच किती लागते? यूट्यूबवर ७२० पी दर्जाचा व्हिडिओ पाहायला साधारण अडीच एमबीपीएस पुरतात, १०८० पीला पाच, आणि मोठ्या टीव्हीवर फोर-के चालवायचे तर वीस. घरात एक ऑनलाइन क्लास, एक टीव्ही आणि दोन मोबाइल एकाच वेळी चालत असतील तर ३० एमबीपीएसचा प्लॅन भागवतो. घरातून कंपनीचे काम करणारे कोणी असेल, मोठ्या फाइल पाठवायच्या असतील किंवा फोर-के टीव्ही असेल तरच १०० कडे वळा.

‘अनलिमिटेड’लाही मर्यादा असते. फायबरच्या बहुतेक घरगुती प्लॅनमध्ये ती महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास असते, म्हणजे रोजचे ११० जीबी. साध्या घराला ती गाठायची म्हटले तरी गाठता येत नाही. ५जी सिग्नलवर चालणाऱ्या, बिनतारी ‘एअरफायबर’ प्रकारात मात्र मर्यादा १,००० जीबीची, म्हणजे रोजचे ३३ जीबी असू शकते. टीव्ही दिवसभर चालणाऱ्या घराने हा फरक विचारून घ्यावा. मर्यादा संपल्यावर वेग किती राहतो, हेही विचारा.

तुमच्या गल्लीत काय मिळते

शहरात साधारण चार वाटा आहेत.

बीएसएनएलचे फायबर: तार ओढणे आणि दुरुस्ती बहुतेक ठिकाणी स्थानिक भागीदाराकडे असते. कनेक्शन बीएसएनएलचे असले तरी तुमची रोजची गाठ त्या भागीदाराशी पडते, म्हणून त्याचे नाव, नंबर आणि त्याच्याबद्दल शेजाऱ्यांचा अनुभव आधी विचारा.

जिओ आणि एअरटेलचे फायबर: मुख्य रस्ते आणि नव्या वसाहती आधी जोडल्या जातात. औसा रोड, बार्शी रोड, शिवाजीनगर, श्रीनगर अशा नावांवर जाऊ नका. एकाच भागात एका गल्लीत लाइन असते आणि पलीकडच्या गल्लीत नसते. कंपनीच्या ॲपवर घराचा नेमका पत्ता टाकून बघा.

केबलवाल्याचे नेट: दर कमी, ओळख घरची, तक्रार केली की माणूस लगेच हजर. पण छापील पावती, त्यावर जीएसटी क्रमांक आणि सेवा देणाऱ्या परवानाधारक कंपनीचे नाव मागा. ते नसेल तर पुढे भांडायचे कोणाशी, हा प्रश्न उरतो.

एअरफायबर: किनवट, माहूर, देवणी, जळकोटकडच्या ज्या गावांत फायबर पोचलेले नाही, तिथे गच्चीवर बसवायचा हा डबा कामाचा. मात्र पैसे भरण्याआधी गच्चीवर उभे राहून त्याच कंपनीच्या ५जी मोबाइलवर संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास वेग तपासा. दुपारी दोनला मिळणारा वेग रात्री मिळेलच असे नाही.

वर्षाचा हिशेब

हा मजकूर लिहिताना सर्वांत स्वस्त घरगुती फायबर प्लॅन ३९९ ते ४९९ रुपयांच्या पट्ट्यात आहेत, तर १०० एमबीपीएसचे ७०० ते ८०० च्या. दर बदलत राहतात, तेव्हा नोंदणीच्या दिवशीचा आकडा अधिकृत ॲपवर पाहा आणि खालच्या हिशेबात घाला. या सगळ्या दरांवर १८ टक्के जीएसटी वेगळा.

३९९ च्या प्लॅनचे पहिले वर्ष:

- मासिक भाडे करासह: ३९९ + ७१.८२ = ४७०.८२, बारा महिन्यांचे सुमारे ५,६५० रुपये
- बसवण्याचे पैसे (माफ नसतील तर): १,००० रुपये धरा
- राउटरसाठी छोटा यूपीएस: सुमारे १,५०० रुपये
- वीज: दहा वॉटचा डबा चोवीस तास चालला तर महिन्याला सात युनिट, तुमच्या स्लॅबप्रमाणे ५० ते १०० रुपये, वर्षाचे ८४० धरू

बेरीज ८,९९० रुपये. म्हणजे ३९९ चे कनेक्शन पहिल्या वर्षी महिन्याला ७४९ ला पडले. दुसऱ्या वर्षी बसवणे आणि यूपीएस वजा होतात, तेव्हा ६,४९०, म्हणजे महिना ५४० च्या घरात.

सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर बसवण्याचा खर्च बहुधा माफ होतो. सवलत खरी असते, पण पैसेही अडकतात. शेजारपाजारी कोणाकडेच ती लाइन नसेल तर आधी एक महिना घेऊन बघा. हजार रुपये वाचवायच्या नादात पाच हजार अडकवून रोज फोन करत बसण्यापेक्षा ते परवडते.

आता दुसरी बाजू. मोबाइलचा २८ दिवसांचा रिचार्ज वर्षातून बारा नव्हे, तेरा वेळा करावा लागतो. २ जीबी रोजच्या ३४९ रुपयांच्या पॅकचे वर्षाचे ४,५३७ होतात. चार फोन असतील तर १८,१४८. घरात वायफाय आल्यावर आजी-आजोबांचे किंवा घरातच असणाऱ्या कोणाचे फोन डेटाच्या पॅकवर ठेवण्याचे कारण उरत नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने डिसेंबर २०२४ मध्ये आदेश दिल्यापासून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवावे लागतात. वर्षभराचा असा पॅक साधारण १,८५० रुपयांना मिळतो. दोन फोन त्यावर नेले तर वर्षाला सुमारे ५,३७४ रुपये वाचतात, म्हणजे फायबरचे जवळजवळ सगळे भाडे निघते. कंपन्या हे पॅक ॲपमध्ये पुढे मांडत नाहीत. यादीत खाली जाऊन शोधावे लागतात.

फोन मात्र तसेच ठेवून वर वायफाय घेतले तर तो निव्वळ जादा खर्च. घ्यायचे की नाही, हे या एका ओळीवर ठरते.

तार घेऊन माणूस येईल तेव्हा

बसवण्याच्या दिवशी घरात जाणते माणूस असू द्या. पुढचे अर्धे त्रास त्या तासाभरात टळतात.

डबा कुठे बसवायचा ते तुम्ही ठरवा. तार जिथून घरात येते तिथेच, दाराजवळ, डबा ठोकून मोकळे होण्याकडे कल असतो. जुन्या नांदेडातल्या जाड दगडी भिंती आणि नव्या घरांचा आरसीसी स्लॅब दोन्ही सिग्नल गिळतात. घराच्या मध्यावर, छातीइतक्या उंचीवर, लोखंडी कपाट आणि फ्रिजपासून लांब डबा बसवा. त्यासाठी जादा तार लागली तर तिचे पैसे आधी ठरवा. वरच्या मजल्यावर नेट पोचत नसेल तर महागडा प्लॅन घेऊन काही होत नाही, वर दुसरा राउटर बसवून त्याला तारेने जोडावे लागते.

राउटर दोन नावांनी दिसतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला लांब पोचतो पण संथ, दुसरा वेगवान पण एका भिंतीतच दमतो. टीव्ही त्याच खोलीत असेल तर पाचवर जोडा, मागच्या खोलीतला मोबाइल २.४ वर ठेवा.

माणसाकडे फायबरची ताकद मोजणारे छोटे मीटर असते. आकडा दाखवायला सांगा. तो उणे असतो: उणे १८, उणे २० असेल तर उत्तम. उणे २५ च्या खाली, म्हणजे २६-२७ कडे गेला, तर लाइन काठावर आहे. एखादा जोड सैल पडला की नेट जाणार. जोड तिथल्या तिथे पुन्हा करून घ्या.

डब्यावरचे दोन दिवे ओळखून ठेवा. ‘पॉन’ हिरवा स्थिर असेल तर लाइन ठीक. ‘लॉस’ लाल लुकलुकत असेल तर तार कुठेतरी तुटली किंवा फार वाकली आहे, डबा बंद-चालू करून उपयोग नाही. नळाचे, गटाराचे, रस्त्याचे काम निघाले की हा लाल दिवा ठरलेला. तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘लॉसचा दिवा लाल आहे’ असे सांगितले की समोरच्याला थेट लाइनमन पाठवावा लागतो. पॉन हिरवा आहे आणि तरी नेट नाही, तर अडचण तुमच्या राउटरच्या सेटिंगची किंवा कंपनीच्या मागच्या बाजूची.

काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण ॲडॉप्टरमधून येते. मे-जूनच्या वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवा. तीन-चारशे रुपयांचा स्पाइक गार्ड असलेला बरा. यूपीएस घेताना डब्याच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पियर बघून घ्या. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाही.

माणूस जाण्यापूर्वी तीन गोष्टी: वायफायचा पासवर्ड तुमच्या हाताने बदला, राउटरच्या आतल्या सेटिंगचा पासवर्डही मागून घेऊन बदला, आणि लॅपटॉप तारेने जोडून वेग तपासून त्याचा फोटो काढा. ‘चहापाण्याचे’ पैसे बिलात नसतात, ते देण्याची सक्ती नाही.

खोली करून राहणाऱ्यांसाठी

लातूरला उद्योग भवनाच्या परिसरात आणि नांदेडला बाबानगर-श्यामनगरकडे क्लाससाठी आलेली मुले चौघे-चौघे मिळून नेट घेतात. हिशेब सोपा आहे: ३९९ चा सहा महिन्यांचा प्लॅन करासह २,८२५ रुपये, प्रत्येकी ७०६. वर्षाचा प्लॅन मात्र टाळा. जूनमध्ये येऊन मे महिन्यात ‘नीट’ दिली की खोल्या रिकाम्या होतात आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत.

कनेक्शन ज्याच्या आधारवर, जबाबदारी त्याची. त्या वायफायवरून कोणी काही भलतेसलते केले तर पोलिस त्याच्याच दारात येतात. पासवर्ड मजल्यावरच्या सगळ्यांना वाटू नका, पाहुण्यांसाठी राउटरमधले वेगळे ‘गेस्ट’ नाव वापरा. घरमालकाची तार ओढायला परवानगी आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. खोली बदलली तर लाइन हलवायचे किती घेतात, तेही. आणि महिन्याचे पैसे ज्याच्या यूपीआयवरून आपोआप कापले जातात, त्याने खोली सोडताना ऑटोपे बंद करायचे विसरू नये.

जाहिराती: आधी दारे बंद करा

नको असलेल्या जाहिराती तीन वाटांनी येतात. ब्राउझर आणि ॲपमधून, फोनच्या स्वतःच्या सेटिंगमधून, आणि कॉल-मेसेजमधून. तिन्ही वाटांचा बंदोबस्त वेगळा आहे, आणि बराचसा फुकट आहे.

*ब्राउझर.* संगणकावर फायरफॉक्स घ्या आणि त्यात ‘युब्लॉक ओरिजिन’ हे मोफत एक्स्टेन्शन बसवा. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही ते चालते. क्रोमच वापरायचा असेल तर त्याची ‘लाइट’ आवृत्ती आहे. एक्स्टेन्शन अधिकृत जागेवरूनच घ्या. ‘जाहिराती बंद करा’ म्हणणारी भलतीच ॲप स्वतःच जाहिराती आणतात.

*नोटिफिकेशन.* फोनवर सारखे ‘तुमचा फोन व्हायरसने भरला आहे’, ‘कर्ज मंजूर’ असे येत असेल तर तो बहुधा व्हायरस नसतो. एखाद्या निकालाच्या किंवा भरतीच्या पानावर घाईत ‘अलाउ’ दाबलेले असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडा, परवानगी असलेल्या पानांची यादी दिसेल. ओळखीची सोडून बाकी सगळी काढा. दोन मिनिटांचे काम आहे आणि वडीलधाऱ्यांच्या फोनवर याचाच फरक सर्वांत जास्त पडतो.

*फोन.* अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’ आणि त्यात ‘ॲड्स’ येथे जाऊन ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ करा. जाहिराती थांबत नाहीत, पण तुमच्या मागोमाग फिरायच्या कमी होतात. काही स्वस्त फोनमध्ये कंपनीच्याच ॲपमधून आणि लॉक स्क्रीनवरून जाहिराती येतात. त्या बंद करायचे बटण असते, ‘रेकमेंडेशन्स’ किंवा ‘पर्सनलाइज्ड’ अशा शब्दांआड दडलेले.

*डीएनएस.* कोणत्याही संकेतस्थळाचा पत्ता शोधून देण्याचे काम डीएनएस करतो. जाहिरातींच्या पत्त्यांना ‘माहीत नाही’ म्हणणारा डीएनएस लावला की त्या उघडतच नाहीत. ॲडगार्डचा असा सार्वजनिक डीएनएस मोफत आहे. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढच्या फोनवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असते. तिथे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, ‘डीएनएस डॉट ॲडगार्ड हायफन डीएनएस डॉट कॉम’ असे टाका. राउटरमध्ये टाकायचे आकडे: ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५. राउटरमध्ये एकदा टाकले की स्मार्ट टीव्हीसकट सगळ्या घराला लागू होते. काही कंपन्यांच्या डब्यावर ही जागा कुलूपबंद असते, मग प्रत्येक फोनवर वेगळे करावे लागते. एखादे बँकेचे किंवा तिकिटाचे पान अडले तर सेटिंग तात्पुरते ‘ऑटोमॅटिक’वर न्या.

यूट्यूबच्या जाहिराती मात्र डीएनएसने जात नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच घरातून येतात. फोनच्या आणि टीव्हीच्या यूट्यूब ॲपवर त्या नको असतील तर सरळ वाट पैशांची: प्रीमियम एकट्यासाठी महिना १४९, विद्यार्थ्याला ८९, कुटुंबाला २९९. कुटुंबाच्या प्लॅनचे वर्षाला ३,५८८ होतात. क्लासचे तास यूट्यूबवर चालत असतील तर विचार करा, एरवी ‘स्किप’ दाबणे स्वस्त पडते.

आणखी एक. आपल्याकडची छोटी वृत्तपत्रे, बाजारभाव देणारी पाने जाहिरातींवरच जगतात. जी पाने त्रास देत नाहीत त्यांच्यापुरता ब्लॉकर बंद ठेवा.

कॉल आणि मेसेज

१९०९ वर कॉल करा किंवा इंग्रजीत ‘स्टार्ट ०’ असा एसएमएस पाठवा, म्हणजे सगळ्या प्रकारच्या जाहिराती बंद. ट्रायच्या डीएनडी ॲपवरून बँक-विमा, जमीन-घर, शिक्षण, आरोग्य असे प्रकार निवडूनही बंद करता येतात. नीटचा निकाल लागला की ‘मॅनेजमेंट कोट्यातून एमबीबीएस’चे फोन सुरू होतात. ज्या घरात बारावीचे मूल आहे त्यांनी निदान शिक्षणाचा प्रकार आधीच बंद करावा.

मेसेज कोणाचा आहे हे पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटच्या अक्षरावरून कळते: ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ सेवा, ‘टी’ व्यवहार, ‘जी’ सरकारी. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक आहेत. बँका, वित्तसंस्था आणि सरकारी खात्यांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी कर्ज किंवा प्लॉट विकत असेल तर तो नियम मोडतो आहे. त्याची तक्रार १९०९ वर किंवा डीएनडी ॲपवर करा. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी सात दिवस मिळतात, पूर्वी तीनच मिळत. दहा दिवसांत पाच जणांनी तक्रार केली तरी त्या नंबरवर कारवाई होऊ शकते, म्हणजे तुमची एक तक्रार वाया जात नाही.

न मागता सुरू झालेली कॉलर ट्यून, ज्योतिष, क्रिकेट अशा सेवांचे पैसे शिलकीतून कापले जात असतील तर इंग्रजीत ‘स्टॉप’ लिहून १५५२२३ वर पाठवा.

जाहिरात संपते आणि चोरी सुरू होते ती जागा

‘बिल भरले नाही, आज रात्री वीज तोडू’ असा मेसेज महावितरणच्या नावाने येतो आणि खाली एक खासगी मोबाइल नंबर असतो. पीएम किसानची यादी, वाहनाचे चलन, लग्नपत्रिका अशा नावांच्या ‘एपीके’ फाइल व्हॉट्सॲपवर फिरतात. त्या उघडल्या की फोनवरचे ओटीपी परस्पर दुसऱ्याच्या हाती जातात. नियम एकच ठेवा: प्ले स्टोअरबाहेरून आलेली कोणतीही फाइल बसवायची नाही, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. त्याचाच फोन आधी गेलेला असू शकतो.

पैसे गेले तर पहिला फोन सायबर हेल्पलाइन १९३० ला, मग बँकेला. पहिल्या तासात कळवले तर रक्कम वाटेतच गोठवण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नाहीत पण कॉल किंवा मेसेज संशयास्पद होता, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर ‘चक्षू’ नावाची सोय मार्च २०२४ पासून आहे, तिथे कळवा.

भांडायचे झाले तर

तक्रार तोंडी करू नका. कंपनीच्या ॲपवर किंवा कस्टमर केअरला करा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून ठेवा. लाइनमनला केलेला फोन ही तक्रार धरली जात नाही. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांच्या आत मोफत अपील करता येते आणि त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

दर सांगताना एक आणि भरताना दुसराच, न मागता टोपलीत टाकलेली ओटीटी सेवा, चालू करायला एक बटण आणि बंद करायला दहा पाने: हे सगळे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवलेल्या तेरा फसव्या रचनांपैकी आहे. स्क्रीनशॉट काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

एवढ्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग नांदेडलाही आहे आणि लातूरलाही. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मोबदल्यापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. तिथे उपयोगी पडतात ती साधीच कागदपत्रे: भरलेल्या पैशांची पावती, डॉकेट नंबर, पहिल्या दिवशीच्या वेगाचा फोटो आणि लाल दिव्याचा तारखेसह काढलेला फोटो.

कनेक्शन सोडतानाही हीच शिस्त. बंद करण्याची विनंती लेखी द्या, डबा परत केल्याची पोच घ्या, अनामत असेल तर ती परत कधी मिळणार ते विचारा, आणि यूपीआयमधले ऑटोपे स्वतःच्या हाताने रद्द करा. डब्याची पोच नसेल तर डबा परत दिला नाही म्हणून अनामत अडकून पडते.